मेटाडेटाले मराठीत काय म्हणावं? शेरा का बोजा?

भाऊ, एक शब्द पाहिजे होता. मी दारव्ह्याकडं गावातूनच घरी बसून काम करतो, वर्कफ्लो इंजिनचं, म्हणजे कामाचे टप्पे एकामागून एक चालवणारं सॉफ्टवेअर. कापूस खरेदीची प्रोसेस हाये, नोंदणी, गाडीचं वजन, प्रत, मग पैसे, हे सगळं बीपीएमएन २.० मध्ये, म्हणजे टप्पे चित्रात मांडायच्या ठरलेल्या पद्धतीत, काढायचं आन इंजिनात चढवायचं. याले प्रोसेस डेफिनिशन म्हणतात, मी आराखडा म्हणतो, 'व्याख्या' म्हटलं की दहावीचा पेपर आठवते. आता याच्यासोबत अशा काही गोष्टी ठेवा लागतात ज्या इंजिनच्या काही कामाच्या नाहीत पण आमच्या हायेत, म्हणजे आराखडा कोणत्या खात्याचा, स्क्रीनवर कोणत्या चित्राखाली दिसन, हंगामात कोणत्या महिन्यापासून चालू. हा झाला मेटाडेटा. बाबानं विचारलं दिवसभर काय करून राहिला रे, मी म्हटलं मेटाडेटा, ते म्हणे मराठीत सांग. गप्प बसलो.

'अधिदत्त' करून पाहिला. अर्थानं चुकत नाही, लॅटिनमधला डेटम म्हणजे दिलेलं आन आपलं दत्त म्हणजेही दिलेलं, मूळ एकच. पण आमच्याकडं दत्त म्हटलं की माणूस माहूरच्या गाडीचा टाइम विचारते.

— शेरा म्हण ना बाप्पा, एवढा सोपा शब्द असून. बीपीएमएनच्या फाइलीत एक्स्टेन्शन एलिमेंट्स म्हणून जागा मुद्दाम सोडलेली असते, इंजिनले न समजणारं आपलं काही लिहायचं असन तर तिथं लिहा, फाइलीसोबत राहते. सातबाऱ्यावर इतर अधिकाराचा रकाना असते तसंच समज.

शेरा आवडला, पण गोम हाये. शेरा कागदावरच असते. फक्त हंगामाचा महिना बदलायचा तरी अख्खा आराखडा परत चढवा, व्हर्शन वाढते, आन अर्ध्यात असलेल्या केसेस जुन्याच व्हर्शनवर चालू राहतात. म्हणून आम्ही आमचा वेगळा टेबल केला. तिथंच फसलो. प्रत्येक ओळ आराखड्याच्या आयडीले बांधली, आन त्या आयडीत आधी 'की' (आराखड्याचं कायम तेच राहणारं नाव), मग व्हर्शन, मग लांबलचक आकडा असते, म्हणजे व्हर्शनसोबत आयडीही बदलते, हे डोक्यातच नाही आलं. एका फॉर्मवर 'वजण' लिहिलं होतं, त्याचं 'वजन' केलं, चढवलं, व्हर्शन ३ चं ४ झालं, आन सकाळी पाहतो तं खात्याचं नाव कोरं, चित्र गायब. एका ण पायी! आन तो ण सुधरवणारा मीच.

— इंजिनच्याच टेबलात एक कॉलम वाढवून टाकायचा मंग.

नाही बा. ते दुसऱ्याच्या वावरात विहीर खोदणं झालं. उद्या इंजिनची नवी आवृत्ती आली, तिच्या स्क्रिप्टनं टेबल बदलला, की आपला कॉलम आपल्याच गळ्यात. आन हे इंजिनवाले तसेही फुटत राहतात, ॲक्टिव्हिटी नावाच्या इंजिनातून २०१३ मध्ये कामुंडा वेगळं निघालं, २०१६ मध्ये फ्लोएबल, भावाभावाच्या वाटण्याच म्हणा.

— पोरा, मी सातबारे लय पाह्यले हायेत म्हणून सांगतो. जमीन विकली, वारस चढले, तरी गट नंबर तोच राहते, फेरफाराचे नंबर बदलत जातात. बँकेचा बोजा फेरफारावर नाही बसत, गटावर बसते, मालक बदलला तरी बोजा तिथंच. तुह्या आराखड्याची 'की' म्हणजे गट, व्हर्शन म्हणजे फेरफार. तू बोजा फेरफाराले बांधून ठेवला होता.

काका, हात जोडतो, मले अख्खी सकाळ लागली ते तुम्ही दोन ओळीत सांगितलं. टेबल आता 'की'ले बांधला. पण बोजा शब्द नाही घेऊ शकत, खात्याच्या नावाले बोजा म्हटलं तं साहेब कर्ज समजन. सातबाऱ्यावर विहिरीचीही नोंद असतेच ना, तं जे गटाचं हाये त्याले 'नोंद' म्हणतो. आन या व्हर्शनमध्ये काय बदललं, कोणी मंजूर केलं, हे त्या एकाच कागदाचं, ते एक्स्टेन्शन एलिमेंट्समध्ये, त्याले 'शेरा'. मेटाडेटा या एका शब्दात हे दोन्ही कोंबलेलं होतं म्हणूनच माहा घोळ झाला असं वाटते.

बाबाले सांगितलं, आराखड्याच्या नोंदी आन शेरे सांभाळतो. ते म्हणे मंग पुण्याले एवढा शिकाले कायले गेला होता, तलाठीच व्हायचं होतं.