प्रति: अंग बाहेर येणे आणि जाळीचे पर्याय
अंग बाहेर येणे म्हणजे गर्भाशय किंवा मूत्राशय खाली घसरून योनिमार्गातून बाहेर डोकावणे; त्याला आधार म्हणून शस्त्रक्रियेने कृत्रिम जाळी बसवतात. ही जाळी अमेरिकेत पूर्णपणे बंद झाली, हे इथल्या एका प्रतिसादातले विधान अर्धेच खरे आहे. एप्रिल २०१९ मध्ये तेथील औषध प्रशासनाने अंग बाहेर येण्यावर योनिमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवली; पोटातून बसवायची जाळी आणि लघवी गळण्यावर मूत्रमार्गाखाली बसवायची पट्टी मात्र चालू राहिली. पर्याय म्हणून गर्भाशयाच्या अस्तरातील मूलपेशी (नव्या ऊती घडवू शकणाऱ्या पेशी) जाळीवर पेरण्याचे प्रयोग प्रामुख्याने प्राण्यांवर झाले आहेत, आणि दुसरा पर्याय असलेल्या, शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या जाळीची खरी अडचण वेगाची आहे: ती विरघळण्याआधी शरीराने तिच्या जागी पुरेसे भक्कम कोलॅजन (ऊतींना बळकटी देणारे प्रथिन) विणायला हवे.

तोवर काय, तर ठाण्यात माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी शस्त्रक्रियेऐवजी सिलिकॉनची पेसरी, म्हणजे अंगाला आधार देणारी बांगडीएवढी लवचीक कडी, योनिमार्गात बसवून दिली. ती अधूनमधून काढून धुवावी लागते (याचा त्यांना भारी कंटाळा), पण गावदेवी मंडईपर्यंत त्या आता निर्धास्त चालतात. जड पिशवी उचलायची नाही, ही ताकीद कायम आहे.