दुसऱ्याने केलेली शाखा आपल्या वंशावळीत घ्यावी का?

तासगावचा_पाहुणा:
मंडळी, माझं झाड ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ७०० च्या आसपास माणसं. आता कराडच्या भावकीतल्या एका काकांनी त्यांची जेडकॉम फाईल (GEDCOM, वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेायची फाईल) पाठवलीय, खापरपणजोबांच्या धाकट्या भावाची अख्खी शाखा त्यात आहे. डायरेक्ट इंपोर्ट मारू का?

वाईवाला:
अजिबात नको!! मी मारला होता, एका रात्रीत एकाच माणसाच्या तीन-तीन नोंदी आणि एक बाई तर स्वतःच्या आईच्या आधी जन्मलेली 😂 आधी बॅकअप घे, ती फाईल वेगळ्या रिकाम्या झाडात उघड, बघ, मग एकेक घर आण. आपल्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे नाव आणि बापाचं नाव दोन्ही जुळलं तरी माणूस दोन पिढ्या खालचा निघू शकतो, म्हणून बायकोचं माहेर जुळतंय का बघ.

मिरजेची_ताई:
काकांना आधी विचारा, पुरावा कशाचा? कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची (गाव नमुना १४) नक्कल आहे का नुसतं ऐकीव? जुन्या नोंदी मोडीत असतात, वाचणारा चुकला की सगळी शाखाच भलतीकडे. आमच्याकडे हेळवी (घरोघरी फिरून वंशावळ सांगणारे) यायचे त्यांच्या चोपडीशीही ताडून बघता येतं. आणि दत्तक गेलेला कुणी असेल तर दोन्ही घरं दाखवा.

तासगावचा_पाहुणा:
ताई, विचारलं. काका म्हणतात "मला आठवतंय ना" 🙏 वेगळं झाड उघडतोय.