मदत हवी आहे: पाच महिन्यांची लेक, नोकरी सुरू होतेय, अंगावरचं दूध सोडायचं नाही

मंडळी, मी ठाण्यात राहते, ऑफिस महापेला. पुढच्या सोमवारी रजा संपते. लेकीला तेव्हा पाच महिने पूर्ण होतील. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको, असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि आजवर ते जमलंय. आता शेवटच्या महिन्यासाठी पावडरचा डबा आणायचा नाहीये. जुलाब, न्यूमोनिया, कानाचे संसर्ग यांच्याशी लढायला तिला या दुधातून जे मिळतं, ते डब्यात नसतं. शिवाय माझ्या मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता. जितकं जास्त काळ पाजू तितका आईचाही तो धोका कमी होतो हे कळल्यापासून दोन वर्षं पाजायचंच असं मी ठरवलंय.

आठवडाभर पहाटे पंपाने दूध काढून बघतेय. पहिल्या दिवशी ३० मिली आलं, काल ८०. फ्रिजमध्ये ठेवलं तर वर पिवळसर साय आणि खाली निळसर पाणी. सासूबाई म्हणाल्या, नासलं. ओतून दिलं. चाळीस मिनिटं लागली होती हो ते काढायला.

त्यात ही बोंडल्याने पीत नाही. मी जवळ घेतलं की तोंड फिरवते आणि गाऊनमध्ये नाक खुपसते. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा मी बाहेर. किती दूध ठेवून जाऊ? ऑफिसात पन्नासही माणसं नाहीत, पाळणाघर नाही. टॉयलेटमध्ये बसून बाळाचं दूध काढायला मन घेत नाही. साहेबांशी कसं बोलू?

प्रतिसाद १ (वाशी):
अगं, नासलं नव्हतं ते! स्निग्धांश वर येतो, हलक्या हाताने फिरवलं की मिसळतो. फ्रिजमध्ये चार दिवस राहतं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, कोमट पाण्यात भांडं ठेवा. तासाला २५-३० मिली धर, म्हणजे ३०० मिलीच्या आसपास.

बोंडलं सासूबाईंच्या हाती दे आणि तू खाली चक्कर मारून ये. तुझा वास आला की ती अंगावरचंच मागणार.

पाळणाघर नसलं तरी बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या द्यायच्या, ही तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे. साहेबांना तेवढंच मेलवर लिही आणि सोबत कडी लागणारी एक खोली माग. मी मीटिंग रूममध्ये बसायचे, अकराला आणि तीनला.