विषय: दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी इंजेक्शन, तुमच्या घरी काय ठरवलं?

नमस्कार मंडळी,

एरवी मी आपल्या मेलिंग लिस्टवर गणपतीच्या वर्गणीचे मेल तेवढे वाचते, आज पहिल्यांदाच स्वतःहून लिहितेय कारण गेले दहा दिवस डोक्यातून जात नाहीये. माझे बाबा कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत असतात, वय ७४, शिक्षक होते, शुगर वीस वर्षांपासून, आई गेल्यापासून एकटेच. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला सूज आलीय आणि डॉक्टरांनी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन सांगितलंय, निदान पहिली पाच, मग स्कॅन बघून अंतर वाढवायचं. प्रश्न हा की दोन्ही डोळे एकाच दिवशी करायचे का पंधरा दिवसांच्या अंतरानं एकेक.

मी आणि बंगळूरचा भाऊ, आम्ही फोनवरच ठरवून टाकलं की एकाच दिवशी. पाच फेऱ्या कुठं आणि दहा फेऱ्या कुठं, भावाला दर वेळी सुट्टी मिळत नाही, मी तर इथं इंग्लंडात, रेडिंगला. पहिल्यांदा फक्त उजवा झाला, ठीक झालं. दुसऱ्या वेळी दोन्ही एकदम, आणि नेमकं तेव्हा भावाला येता आलं नाही, शेजारचा मुलगा बरोबर गेला. बाबा फोनवर "बरं आहे" एवढंच म्हणाले. मी पण विचारलं नाही पुढं.

चार दिवसांनी आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्या काकांशी बोलले, त्यांनीच बाबांना घरी आणलं होतं. ते म्हणाले, "ताई, सरांनी घर येईस्तोवर त्या पोराचा हात सोडला न्हाई बघा. म्हणत हुते, दोन्ही डोळं झाकल्यावर आपण कुणाच्या हातात हाय त्येबी कळत न्हाई." दवाखान्यातून दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या लावून पाठवलं होतं. चाळीस वर्षं फळ्यावर लिहिणारा माणूस संध्याकाळपर्यंत तसाच खुर्चीत बसून होता, पाणी प्यायलासुद्धा उठला नाही, आणि हे मला रिक्षावाल्या काकांकडून कळतंय.

फॉर्मवर सही बाबांचीच आहे पण त्यांना विचारलं कुणीच नव्हतं. मी पण नाही. तुमच्याकडं कुणाचे आईवडील ही इंजेक्शनं घेतात का, त्यांना काय बरं वाटतं, प्लीज सांगा.

– शुक्रवार पेठेतली, हल्ली रेडिंग

———

ताई नमस्कार,

आमच्या आईचं बरोबर उलट आहे म्हणून लगेच लिहितोय. आमचं गाव गगनबावड्याकडं, कोल्हापूर पन्नास किलोमीटर तरी पडतं, आणि तुम्हाला माहितीच आहे पावसाळ्यात त्या रस्त्याचं काय होतं. जूनपासून पाणी कधी रस्त्यावर येईल सांगता येत नाही, एसटी कधी बंद होईल सांगता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टात तर शिरोलीला हायवेच बंद होता, आमच्या गावच्या रस्त्याचं कोण विचारतंय. त्या वर्षी आईची तारीख चुकली ती चुकलीच, पुढच्या वेळी स्कॅनमध्ये सूज परत वाढलेली. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं. "मी एकदाच जातो आणि दोन्ही करून येतो, मला दोन-दोनदा पाठवू नका." (आमच्याकडं बायका जातो-येतोच म्हणतात, कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांनी गोंधळू नका.)

पहिल्यांदा मीच घाबरलेलो, इथून रोज फोन करायचो, दोन्ही डोळ्यांना काही झालं तर काय. तिनं मला गप्प केलं. म्हणाली एका डोळ्याच्या दिवशी पण गुरांचं बघायला माणूस लागतंच, जेवण करायला जाऊबाई येतेच, मग तेवढ्यासाठी दोन दिवस कशाला मोडायचे. तिची भीती सुईची नाहीच, सुई दिसतच नाही म्हणते, वर बघायला सांगतात आणि बाजूनं कधी टोचतात कळत पण नाही. भीती आहे ती पाण्याची आणि तारीख चुकायची. पण एक सांगतो, तिच्या डोळ्यांवर पट्ट्या नसतात. काळा चष्मा देतात, धूसर दिसतं पण दिसतं, आणि घरात चार माणसं आहेत. तुमच्या बाबांचं तसं नाही.

– बावड्याचा, हल्ली लेस्टर

———

ताई,

मी इथं एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये नर्स आहे, ही इंजेक्शनं मी स्वतः देते. (इथं ट्रेनिंग घेतलेल्या नर्सनी द्यायची पद्धत आहे, तिकडं डॉक्टर देतात.) माहेर कोल्हापूरचंच, मंगळवार पेठ. तुमच्या बाबांचा इलाज त्यांचे डॉक्टरच ठरवतील, मी फक्त मला रोज दिसतं ते सांगते.

दोन्ही डोळे एका दिवशी करणं यात चूक काही नाही, बरेच पेशंट तसंच घेतात आणि सवय झाली की एकेक नको म्हणतात. पण ते दोन वेगळी कामं म्हणून करायचं असतं. एका डोळ्याचं पूर्ण आवरायचं, मग दुसऱ्याचं पहिल्यापासून, पापण्या उघड्या धरायची क्लिप वेगळी, सुई वेगळी, हातमोजे वेगळे, आयोडीनचे थेंब परत. औषध जेमतेम थेंबभर, ०.०५ मिली, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर लांब पांढऱ्या भागातून देतात. औषध कोणतं हेही विचारून घ्या. अवास्टिन हे मुळात आतड्याच्या कॅन्सरचं औषध, अमेरिकेत २००४ मध्ये आलं, डोळ्यासाठी त्याच्या एका कुपीतून बऱ्याच सिरिंज भरतात आणि ते स्वस्तही पडतं. तसं असेल तर दोन्ही डोळ्यांच्या सिरिंज एकाच भरणीतल्या नसाव्यात, म्हणजे एका भरणीत काही गडबड असली तरी दुसरा डोळा वाचतो.

डोळ्याच्या आत इन्फेक्शन होण्याची शक्यता साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखादी. दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी होणं फारच क्वचित, पण झालेलं आहे, म्हणूनच एवढी काळजी. कुणाला नुकताच स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायलाच पाहिजे. पापणीला रांजणवाडी असेल, डोळा आलेला असेल तर थांबायचं. आणि पहिल्यांदा एकच डोळा करून बघणं हे तुमच्याकडं झालंच, ते चांगलं झालं.

घरी आल्यावर डोळा चुरचुरतो, त्या संध्याकाळी जरा जास्तच, ते बहुतेक आयोडीनमुळं. काळे ठिपके किंवा बुडबुडे दिसतात, एखाद-दुसऱ्या दिवसात जातात. पांढऱ्या भागावर लाल डाग पडतो तो आठ-पंधरा दिवस राहतो, बघणाऱ्याला भयंकर वाटतो पण दुखत नाही. ज्याला घाबरायचं ते वेगळं: दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातंय, डोळा जास्त जास्त लाल होतोय, नजर अंधुक होत चाललीय. असं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रविवार असला तरी. हे शेजारच्या मुलाला आणि रिक्षावाल्या काकांना पण सांगून ठेवा, कारण घरी तेच आहेत, तुम्ही नाही.

पट्टीबद्दल. आमच्याकडं आम्ही लावत नाही. तिकडं काही ठिकाणी काही तास लावतात, भूल असेपर्यंत डोळा चोळला जाऊ नये म्हणून. दोन्हीवर एकदम नको, चष्म्यावर भागेल का, असं विचारायला काहीच हरकत नाही. मला वाटतं तुमच्या बाबांना दोन इंजेक्शनांचा त्रास झालाच नाही, दोन पट्ट्यांचा झाला. पण हे मी इथं बसून म्हणणार, खरं त्यांनाच विचारा.

– मंगळवार पेठ, हल्ली स्लाव

———

सगळ्यांनी मुलांच्या बाजूनं लिहिलं, मी पेशंट म्हणून लिहितो. वय ७९, राजारामपुरीत सहाव्या गल्लीत वाढलो, आता पन्नास वर्षं इकडेच. माझं वयोमानाचं आहे, पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात त्यातलं, दोन्ही डोळ्यांना. तीन वर्षं दोन्हीत एकाच दिवशी घेत होतो आणि तेच मला पसंत होतं, कारण मला इंजेक्शनापेक्षा आदल्या रात्रीचा त्रास जास्त, झोप येत नाही, उगाच उठून बसतो. महिन्यातून अशी एकच रात्र परवडते, दोन नाही. फक्त वाईट डोळा आधी करा म्हणून मी सांगायचो, म्हणजे चांगल्याच्या वेळी धीर आलेला असतो. हे कुणी आपणहून विचारत नाही, सांगितलं की ऐकतात.

मग मागच्या वर्षी सौ.च्या खुब्याचं ऑपरेशन झालं. गाडी तीच चालवायची, त्या दिवशी माझं जेवण, औषध, जिन्यावरून वर जाणं सगळं तिच्या आधारानं. तेव्हा मी स्वतःहून सांगितलं की आता चार महिने एकेक डोळा करा. क्लिनिकनं कुरकुर केली नाही. ती बरी झाली तशी परत दोन्ही एकदम. म्हणजे माझे डोळे तेच, औषध तेच, घरचं बदललं तसं माझं म्हणणं बदललं. मुली, तुझ्या बाबांनी आज एक सांगितलं तर ते कायमचं धरून बसू नकोस, दर दोन-तीन महिन्यांनी परत विचार. आणि "बरं आहे" या उत्तरावर फोन ठेवू नकोस. आम्ही सगळे तेच म्हणतो.

– राजारामपुरीचे काका

———

काका, दादा, ताई, सगळ्यांना मनापासून थँक्यू. मेल वाचले आणि रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल केला, भावाला पण घेतलं. मी सरळ माफी मागितली, म्हटलं आम्ही तुम्हाला न विचारता ठरवलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले की तुम्ही दोघं एवढ्या लांबून करताय, त्यात मी कुठं आणि अडचण सांगू. म्हटलं सांगा. मग एक तास बोलले. पट्टी, अंधार, गॅस चालू राहिलाय का ते दिसत नव्हतं, दाराची कडी लावली का ते दोनदा हात लावून बघितलं. इंजेक्शन दुखतं का विचारलं तर म्हणाले मुंगी चावल्याएवढं.

पुढचं त्यांनीच ठरवलंय. पाऊस संपेपर्यंत एकेक डोळा, पंधरा दिवसांच्या अंतरानं, तारीख एकही चुकवायची नाही. डॉक्टरांना भाऊ फोनवर बोलला, ते हो म्हणाले आणि पट्टीऐवजी चष्माही चालेल म्हणाले. रिक्षावाले काका प्रत्येक वेळी नेणार, आणि त्या रात्री शेजारचा मुलगा झोपायला येणार. दहा फेऱ्यांचा माझा हिशोब मी सोडून दिला, फेऱ्या त्यांच्या आहेत.

आणि म्हणाले, "दिवाळीला तू येशील ना, तेव्हा दोन्ही एकदम करू. तू असलीस की चालतंय मला." तिकीट काल काढलं. कॉल संपताना त्यांनी कॅलेंडर कॅमेऱ्यासमोर धरलं, स्केचपेननं मोठ्या अक्षरांत एका गुरुवारी "डावा" आणि त्याच्या दोन ओळी खाली "उजवा" लिहिलंय, अक्षर अजून फळ्यावरच्यासारखंच सरळ आहे.