कामावर अपघात झाला, पण मालकाला खरंच शिक्षा झाली का? स्वतःचे अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. धाकट्या भावाची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये (पत्रा दाबून कापायचं मशीन) गेली. भोसरीतलं छोटं वर्कशॉप आहे. प्रेसला दोन बटणं असतात ना, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात डायमध्ये, साच्यात, राहतच नाहीत, ती काढून मशीन पायडलवर टाकलेली कारण तासाला नग जास्त निघतात. मालक दवाखान्यात आले, पाच हजार हातावर ठेवले, म्हणाले घरचाच पोरगा आहे. आणि ईएसआयसीचं (सरकारी कामगार विमा) कार्ड कधी निघालं माहितीये? अपघाताच्या दुसऱ्या दिवशी! तीन वर्षं काम करत होता तिथे. कुणाच्या मालकाला काही झालंय का? ऐकीव नको, आणि कंपनीचं नाव लिहू नका.

---

ताई, मी फॅक्टरी मॅनेजर होतो, आता रिटायर. आमच्याकडे एकाचा हात रोलरमध्ये गेला, मशीनचं संरक्षक गार्ड मेंटेनन्सला काढलेलं ते परत लावलंच नव्हतं. इन्स्पेक्टरने केस टाकली, मालकावर आणि माझ्यावर, कारण १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात दोघंही जबाबदार. कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड असं लिहिलेलं, पण गंभीर इजा असली तर कमीत कमी किती, तर पाच हजार. माणूस मेला तर पंचवीस हजार. वकील म्हणाला गुन्हा कबूल करा, भरा आणि मोकळे व्हा. सकाळी कोर्टात गेलो, दुपारी जेवायला परत कंपनीत. त्या मुलासमोरून कॅन्टीनला जाताना मान वर होत नव्हती हे मात्र खरं.

---

इचलकरंजी. १९९४ ची गोष्ट, वडील यंत्रमागावर होते, धोटा (आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा) उडून डोळ्याला लागला, डोळा गेला. शेडमध्ये माणसं चौदा पण मस्टरवर नऊच, कारण तेव्हा दहा झाली की फॅक्टरी कायदा लागायचा. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने तो कारखानाच नव्हता. दंड कसला डोंबलाचा.

---

मी जरा उलट बाजूने लिहितो. सोसायटीचा सेक्रेटरी आहे. सेप्टिक टँक तुंबली, ठेकेदार दोन पोरं घेऊन आला, दोरी सोडून काहीच नाही, आणि एक जण उतरायच्या बेतात. मी थांबवलं तर आमचेच मेंबर चिडले, मशीनच्या गाडीचे जास्त पैसे कोण देणार म्हणून. मग मैला सफाईबद्दलचा २०१३ चा कायदा व्हॉट्सॲपवर टाकला: सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवला तर पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केलीय. तीस लाख वाचल्यावर दहा मिनिटांत गाडीला मंजुरी. पोरांच्या जिवाबद्दल मी आधी अर्धा तास बोललो होतो तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही.

---

सिंगापूरला साइट इंजिनिअर आहे. इथे दंडापेक्षा पॉइंटची भीती. सुरक्षेचे नियम मोडले की कंपनीच्या नावावर डीमेरिट पॉइंट चढतात, १८ महिन्यांत २५ झाले की कंपनीला परदेशी कामगार आणायची बंदी, आणि साइटवर तर बहुतेक सगळे परदेशीच, मग धंदाच बसतो. वर स्टॉप वर्क ऑर्डर, म्हणजे काम बंद ठेवायचा आदेश, आली की क्रेनचं भाडं मात्र चालूच. आमच्या साइटला एकदा आलीय, कठडे नव्हते म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी कठडे हजर, आधी म्हणे मटेरियल मिळत नव्हतं!

---

सेफ्टी ऑफिसर, चाकण. पाच-पंचवीस हजारांचं गणित आता जुनं झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार सुरक्षेचा नवीन कोड, म्हणजे नवा कायदा, लागू झालाय. गंभीर इजेला एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख दंड, मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत किंवा किमान पाच लाख, आणि कोर्ट त्यातला निम्मा तरी जखमीला किंवा घरच्यांना द्यायला लावू शकतं.  पण केस उभी राहिली तर ना. माझ्याच आधीच्या कंपनीत पाय मोडलेल्या माणसाला "बाइकवरून पडला" म्हणून खाजगी दवाखान्यात नेलं, मला सही मागितली, मी नोकरी सोडली. (शूर वगैरे नाही, दुसरी ऑफर हातात होती.)
ताई, अपघाताच्या रिपोर्टची कॉपी मागा, पगाराचे आणि हजेरीचे पुरावे जपा. दोन्ही बोटं पूर्ण गेली असतील तर कमाईची क्षमता २० टक्के गेली असं धरतात, त्यावर ईएसआयसीची पेन्शन बसते. किती टक्के ते ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाला सांगून घ्या.

---

दादा, कॉपी आज मिळाली. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "कामगाराचे लक्ष नव्हते". पायडलचा उल्लेखच नाही. भाऊ म्हणतो जाऊ दे गं, मला पॅकिंगला घेतलंय. मेडिकल बोर्डाला कुठे जायचं तेवढं सांगा, त्याला न सांगता मी जाऊन येते.