जीएसटी उतरला, विडी-मागाच्या घरात किती पोचला? (चर्चा धागा, सोलापूर)

हिशेबनीस_पूर्वभाग

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचा १२ चा आणि तंबाखूचा माल सोडून २८ चा टप्पा गेला. तेव्हापासून ‘गोरगरिबांना दिलासा’ ऐकून कान किटले. म्हणून पूर्व भागातल्या एका घराचा हिशेब मांडतो. घर कल्पित, कराचे दर खरे. बाई विड्या वळते, नवरा टॉवेलच्या मागावर, दोन पोरं आणि सासू.

या घराला जीएसटी लागतो कुठं? रेशनचा तांदूळ-गहू फुकट. सुटी ज्वारी, सुटी डाळ, भाजी, पिशवीतलं दूध, घरभाडं यांवर कर शून्य. वीज आणि पेट्रोल जीएसटीच्या बाहेर. साखर, चहापत्ती, गोडेतेल आधीपासून ५ वर होतं, तिथंच राहिलं. उरलं काय, तर अंगाचा साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल, बिस्किटं (१८ वरून ५) आणि औषधं, चप्पल, पाकिटातलं फरसाण (१२ वरून ५). पहिल्या गटावर महिन्याला ५०० आणि दुसऱ्यावर ४०० जातात असं धरा. ११८ ची वस्तू १०५ ला आली तर ५५ रुपये वाचले, ११२ ची १०५ ला आली तर २५. एकूण ८०.

हे ८० सुद्धा कागदावर. ही घरं पाच रुपयांचा पुडा आणि दोन रुपयांची शांपूची पुडी घेतात. तिथं किंमत उतरत नाही, वजन थोडं वाढतं. पोराला पुडा एकच लागतो, मग वाचले कुठं? कपड्याची पावडर तर १८ वरच आहे. आणि ८ एप्रिल २०२५ ला घरगुती सिलिंडर एका फटक्यात ५० रुपयांनी वाढला, तो उज्ज्वलावाल्यांनाही वाढला.

माझं म्हणणं असं की जे दर बदलतात त्यांची बातमी होते, आणि जे आकडे वर्षानुवर्षं बदलत नाहीत ते या घरांना जास्त महाग पडतात. ईपीएस-९५ ची (पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची) किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १००० रुपये. शहरात अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,०००, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आत. संजय गांधी निराधारला २१,००० वर्षाला! या आकड्यांवर अर्थसंकल्पात एक ओळ येत नाही.

करसल्लागार_नवीपेठ

साबण-बिस्किटांवर अडकलात राव. गरीब घराचा मोठा खर्च चार-पाच वर्षांतून एकदा येतो, तो तुमच्या महिन्याच्या यादीत बसतच नाही. ३५० सीसीपर्यंतची दुचाकी २८ वरून १८. कर धरून ८०,००० ची गाडी असेल तर ६,२५० रुपये कमी, आणि कर्जावर घेतली तर त्यावरचं व्याजही कमी. सिमेंट २८ वरून १८. ३५० चं पोतं साधारण २७ रुपयांनी उतरायला हवं. कुंभारीच्या कामगार वसाहतीत घराला एक खोली वाढवायची तर शंभर पोत्यांना २,७०० होतात. शिलाई मशिन १२ वरून ५, सायकल १२ वरून ५, वह्या-पेन्सिली शून्य. गणवेश शिवण्यावर हजारो घरं चालतात त्या गावात शिलाई मशिनचा दर किरकोळ कसा?

न बदलणाऱ्या आकड्यांचा मुद्दा मान्य. पण तो कराचा नाही, योजनांचा आहे. दोन्ही एका ताटात वाढू नका.

पत्ता_तंबाखू_दोरा

विडीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. तेंदूपत्ता १८ वरून ५ झाला तेव्हा ‘विडी कामगार महिलांना फायदा’ असं छापून आलं. जरा थांबा. कारखानदाराला पानावर भरलेल्या कराची वजावट विडीवरच्या करातून मिळतच होती. पानावर १८ असो की ५, त्याचा एकूण भरणा तेवढाच, कारण विडीवरचा दर ठरलेला आहे. फार तर पानात अडकणारं भांडवल थोडं मोकळं होतं.

फरक पडतो तो पदरचे पैसे घालून पान घेणाऱ्या बाईला. कारखान्याच्या ब्रँचमधून हजार विड्यांसाठी मोजून पान मिळतं. पान वाळकं किंवा भोकाचं निघालं की तेवढ्यात हजार भरत नाहीत, छाटात (खराब म्हणून बाद) विड्या गेल्या की आणखी कमी पडतात. मग ती बाजारातून किलो-अर्धा किलो सुटं पान आणते. तिला वजावट वगैरे काही नाही, कर थेट तिच्या अंगावर. दुकानदारानं भाव उतरवला तर ११८ ला १०५, म्हणजे सुटणारे पैसे खरेच तिचे. पण सुट्या पानाला पावती कोण देतं? त्यामुळं उतरला की नाही हे दाखवणार कशावर?

दुसरी गोष्ट जुनी आहे आणि तिची आठवण कुणी काढत नाही. १९७६ च्या कायद्यानं विड्यांवर कल्याण उपकर होता, हजारी ५ रुपये. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो रद्द झाला. रोज हजार विड्या, महिन्याला २५ दिवस धरले तर एका बाईच्या कामावर महिन्याला १२५ रुपये तिच्याच दवाखान्यासाठी, पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी, घरासाठी बाजूला पडत होते. आता हा खर्च केंद्राच्या सर्वसाधारण तिजोरीतून होतो. आधी हक्काचा गल्ला होता, आता दरवर्षी हात पसरायचा. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत विडी कामगाराच्या घरावर परिणाम करणारा सगळ्यात मोठा करनिर्णय तोच.

फुप्फुसं_आधी

विडीवरचा कर कमी व्हावा हे गृहीत धरून सगळे बोलताय, मला ते पटत नाही. विडी ओढणारा कोण? बिगारी, हमाल, रिक्षावाला. म्हणजे दुसरं गरीब घरच. आणि वळणारी बाई दिवसभर मांडीवर सूप घेऊन तंबाखूची धूळ खाते. सप्टेंबरच्या बैठकीत सिगारेट ४० वर आणि विडी १८ वर आणायचं ठरलं. म्हणजे गरिबाच्या छातीला कमी किंमत. कर वाढवा आणि त्यातला ठरावीक हिस्सा या बायकांना दुसरा धंदा लावून देण्यात घाला.

पत्ता_तंबाखू_दोरा

दुसरा धंदा कुठला ते आधी सांगा, मग कर वाढवा. गणवेशाचं काम हंगामी, जून गेला की थंड. विडी बारा महिने, घरात बसून, सासू आजारी असली तरी सांभाळत करता येते. बायका हौसेनं धरून बसलेल्या नाहीत. तुम्ही म्हणता तसा हिस्सा बाजूला काढायची तजवीज तर होती की! तोच उपकर. तो रद्द झाला तेव्हा आरोग्यवाल्यांनी किती ओरड केली?

फुप्फुसं_आधी

उपकर परत यावा, यावर आपलं भांडण नाही. भांडण विडीच्या १८ टक्क्यांवरून आहे.

चादर_टॉवेल_एमआयडीसी

कारखानदार आहे, त्यामुळं शिव्या पडणार हे धरून लिहितो. चादरीचं बघा. कापडी तयार मालावर आधी हजारापर्यंत ५ आणि वर १२ होता. आता अडीच हजारापर्यंत ५, वर १८. सोलापुरी चादर हजाराच्या आतच विकली जाते, म्हणजे ५ होता, ५ राहिला. फरक शून्य. सूतही ५ वरच. रंग-रसायनं १८ वर आहेत. त्यांचा जास्तीचा कर परतावा म्हणून मागता येतो, पण परतावा हातात पडेपर्यंत पैसा अडकतो आणि आठवड्याची मजुरी तर रोखीनं द्यायची असते.

खरा फरक कापसाच्या आयातशुल्कानं पडतो. २०२१ च्या अर्थसंकल्पात ते बसलं, सगळं मिळून ११ टक्के. १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत माफ केलं, कारण अमेरिकेनं ५० टक्के शुल्क लावलं आणि टॉवेलच्या ऑर्डरी थांबल्या. ऑर्डर थांबली की माग थांबतो, माग थांबला की पीसवर मजुरी घेणाऱ्याला त्या दिवशी काहीच नाही. त्याला साबण ५ टक्क्यांनं मिळाला काय आणि १८ नं काय!

विजेचंही तसंच. २७ अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रमागाला युनिटला १ रुपया आणि त्यावर २०१ अश्वशक्तीपर्यंत ७५ पैसे जादा सवलत राज्यानं २०२४ मध्ये दिली. ती नसती तर अजून माग भंगारात गेले असते.

हिशेबनीस_पूर्वभाग

मालक, शिव्या नाहीत, एक प्रश्न आहे. सवलत युनिटवर मिळते, मजुरी पीसवर ठरते. दोन्हींना जोडणारी अट सरकारी निर्णयात का नाही? सवलत घेणाऱ्यानं कामगार हजेरीपटावर घ्यावेत, पीएफ भरावा, एवढी तरी? मागावरचा कामगार कागदावर नसतो म्हणून उतारवयात त्याला त्या हजार रुपयांची पेन्शनसुद्धा नाही.

आणि कापूस स्वस्तात बाहेरून आला की बार्शी-अक्कलकोटकडच्या रानात काय होतं तेही बघा. तेलाचं उदाहरण घ्या. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० केलं, अधिभार धरून ५.५ चे २७.५ झाले. सोयाबीनला भाव मिळावा म्हणून. आयातीचा भाव लिटरला ९० धरला तर शुल्कच २० रुपयांनी वाढलं. चार लिटर लागणाऱ्या घराला महिन्याला ८०. मे २०२५ अखेर मूळ शुल्क निम्मं केलं. जीएसटीनं दिलेले ८० हे असे एका अधिसूचनेत जातात आणि येतात, घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

करसल्लागार_नवीपेठ

हजेरीपटाची अट घातली तर अर्धे लहान मागवाले सवलतच सोडतील. पीएफचा बोजा रुपयाच्या सवलतीपेक्षा जड आहे. कागदावर गोड दिसणारी अट आहे ती.

बाकी भाव उतरले नाहीत अशी तक्रार असेल तर हे लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२५ पासून नफेखोरीविरोधी यंत्रणेकडं नव्या तक्रारी घेणंच बंद आहे. आता ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवायची. पावती, बॅच नंबर आणि जुनी-नवी छापील किंमत, हे तीन हाताशी नसेल तर फोन करून उपयोग नाही.

तिजोरी_कुणाची

लाडक्या बहिणीचे १५०० विसरलात का? तुमच्या ८० रुपयांच्या जवळजवळ एकोणीसपट आहेत ते. पण येतात कुठून? २०२४ ला योजना आणली तेव्हा वर्षाला ४६,००० कोटी सांगितले होते, २०२५-२६ ला तरतूद ३६,००० कोटी. १० हजार कोटी कमी केले याचा अर्थ नावं गळणार. शिवाय राज्य पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरला ५.१२ रुपये व्हॅट घेतं, घरगुती विजेवर १६ टक्के वीज शुल्क घेतं. नवरा महिन्याला दहा लिटर पेट्रोल जाळत असेल तर अडीचशेच्या आसपास राज्याच्या तिजोरीत परत. एका खिशातून काढून दुसऱ्यात घालायचं आणि मधे फोटो छापायचा. त्यापेक्षा रेशनवर तेल-डाळ द्या.

अक्का_ऑनलाइन

रेशनवर तेल-डाळ आली तर दुकानदार म्हणेल तेव्हा, म्हणेल तेवढी. १५०० बाईच्या नावावर येतात, सासूच्या औषधाला लावायचे की भिशीला, ती ठरवते. ते काढून घेऊ नका.

पण नावं गळतायत हे खरं. पैसे का थांबतात ते पाहायचं असेल तर आधी आधारला मोबाईल जोडलेला आहे का बघा. ई-केवायसीला बाईच्या आधारचा ओटीपी लागतो, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. विधवा आणि टाकलेल्या बायका इथंच अडकतात. मग बँक. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात येत नाहीत, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात येतात. बचत गटाच्या कर्जासाठी कधी तरी दुसरं खातं उघडलं असेल तर पैसे तिकडं पडलेले असतात. आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग’ बघितलं की कळतं.

विडी वळणाऱ्या म्हाताऱ्यांचं वेगळंच. बोटाच्या रेषा झिजतात, अंगठा लागत नाही. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला अंगठा चारदा नाकारला की त्या घरी परत येतात आणि हजार रुपये बंद. डोळ्याच्या बुबुळावरून किंवा मोबाईलवर चेहरा दाखवूनही हयातीचा दाखला निघतो, हे केंद्रावर ठणकावून सांगायचं.

आणि रेशनकार्डात नवं नाव घालायला गेलं की ‘इष्टांक शिल्लक नाही’ हेच उत्तर. राज्याचा कोटा सुमारे ७ कोटी माणसांचा, तोही २०११ च्या जनगणनेवरचा. कुणाचं नाव निघाल्याशिवाय दुसऱ्याचं चढत नाही. हिशेबनीस, तुमचा न बदलणारा चौथा आकडा.

हिशेबनीस_पूर्वभाग

पाचवा माझ्याकडून. व्यवसाय कर. महिन्याला १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषाला वर्षाला २,५००. ही कमाल मर्यादा घटनेत १९८८ पासून आहे. बायकांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पगारापर्यंत माफी दिली, ती चांगली. पण हजेरीपटावरच्या १२,००० वाल्या मजुराला २,५०० आणि लाख रुपये पगारवाल्यालाही २,५००. त्यातून लाखवाल्याला एप्रिल २०२५ पासून १२.७५ लाखांपर्यंत आयकर शून्य. पगाराच्या प्रमाणात बघितलं तर थेट करात मजूर वरचढ ठरला!

तिजोरी_कुणाची

म्हणजे हजेरीपटावर या म्हणता आणि आल्यावर २,५०० कापले म्हणून रडता?

हिशेबनीस_पूर्वभाग

रडत नाही. मर्यादा १०,००० ची पुरुषांनाही २५,००० करा म्हणतो.

पत्ता_तंबाखू_दोरा

धागा वर काढते. १ फेब्रुवारी २०२६ पासून विडीवरचा कर २८ वरून १८ झाला. १२८ चा माल ११८ ला यायला हवा. बंडलाचा भाव तोच ठेवला तर शंभरातले जवळजवळ आठ रुपये कुणाच्या तरी खिशात जाणार. हजार विड्यांच्या मजुरीत त्यातले किती यावेत, हे मागायचं कुठं?

करसल्लागार_नवीपेठ

जीएसटी परिषदेत नाही. किमान वेतनाच्या अधिसूचनेत. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, पण मूळ दर राज्याचा कामगार विभाग ठरवतो आणि मसुद्यावर हरकती मागवतो. हरकत लेखी द्या, सोबत आपल्या ब्रँचच्या मजुरी पुस्तकाची झेरॉक्स लावा.

पत्ता_तंबाखू_दोरा

पुस्तकात हजार लिहिलेले असतात, छाटात गेलेल्या विड्या लिहिलेल्या नसतात.