सल्ला हवा: लॉनमध्ये शिरलेला लव्हाळा आणि शेजारच्या प्लॉटमधले गाजर गवत

अंगण_तळेगाव:
नमस्कार. तळेगाव दाभाड्याला आमच्या घरापुढे साधारण 1200 चौरस फुटांचे मेक्सिकन लॉन आहे. मागच्या उन्हाळ्यात खड्डे बुजवण्यासाठी एक ब्रास लाल माती आणून पसरली आणि त्या मातीबरोबरच लव्हाळा आला, असा माझा कयास आहे. पाऊस सुरू झाल्यापासून दर चौथ्या दिवशी लॉनच्या वर बोटभर उंच, तकतकीत पाती डोके काढतात. उपटायला गेले की पाते हातात येते आणि गाठ मातीत राहते. कडेने हरळीही आत सरकते आहे. शिवाय शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत कमरेपर्यंत वाढले आहे आणि प्लॉटचे मालक फोन उचलत नाहीत.

खर्चाची मर्यादा 3000 रुपये आहे. पाच वर्षांचा मुलगा आणि कुत्रा दोघेही लॉनवर लोळतात, त्यामुळे फवारणी शक्यतो नको. गणपतीला पाच आठवडे आहेत आणि तोपर्यंत अंगण पाहुण्यांना दाखवण्यासारखे व्हावे, एवढीच अपेक्षा आहे. हरळीबद्दल एक अडचण सांगून ठेवते, की सासूबाई रोज पूजेसाठी त्याच कडेच्या दूर्वा खुडतात.

निवृत्त_अभियंता:
वरवरचे उपाय करण्यात अर्थ नाही. मी 2019 मध्ये संपूर्ण लॉन काढून एक फूट माती उपसली, तळाशी जाड कापड अंथरले, नवी चाळलेली माती भरली आणि उरुळी कांचनहून लॉनच्या नव्या लाद्या आणून बसवल्या. सर्व मिळून 68,000 रुपये खर्च झाला, परंतु काम एकदाच आणि नीट झाले. आपणही हेच करावे.

सदाफुली:
अभियंता साहेब, त्यांनी मर्यादा तीन हजारांची सांगितली आहे. आणि तुमच्याकडे लव्हाळा पुन्हा आलाच नाही का?

निवृत्त_अभियंता:
कुंपणाच्या भिंतीलगत थोडा आला आहे. तो शेजाऱ्यांकडून भिंतीखालून येतो. त्याला माझ्या कामातील दोष म्हणता येणार नाही.

ऊसवाला_बारामती:
ताई, आधी तो लव्हाळाच आहे याची खात्री करून घ्या. देठ बोटांच्या चिमटीत धरून फिरवा. तीन कडा लागल्या तर लव्हाळा, गोल किंवा चपटा लागला तर दुसरे काही गवत.

आता तो मरत का नाही ते सांगतो. जमिनीखाली त्याच्या गाठी एकीला एक जोडून माळेसारख्या असतात आणि माळ शाबूत असेपर्यंत मागच्या बऱ्याच गाठी झोपलेल्या राहतात. तुम्ही पावसाळ्यात खुरप्याने माळ तोडली की त्या सगळ्या जाग्या होतात, आणि एकाच्या जागी चार पाती दिसतात ती त्यामुळेच. म्हणून ओल्या मातीत अर्धवट खणणे सगळ्यात वाईट. आम्ही रान एप्रिलमध्ये खोल नांगरून गाठी उन्हात उघड्या टाकतो. दोन-तीन आठवड्यांच्या कडक उन्हात त्या वाळून खारकेसारख्या होतात आणि मग उगवत नाहीत.

उसात आम्ही हॅलोसल्फ्यूरॉन मिथाइल 75 टक्के हे तणनाशक वापरतो. ते लव्हाळ्याला मारते आणि उसाला धक्का लावत नाही. लव्हाळा तीन-चार पानांवर असताना फवारावे लागते, त्यानंतर चार-सहा तास पाऊस नको, आणि पिवळा पडायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी बघून दुकानदाराशी भांडू नका. मात्रा एकरी 36 ग्रॅम. तुमचे 1200 चौरस फूट म्हणजे एकराचा छत्तिसावा भाग, म्हणजे तुम्हाला अवघे एक ग्रॅम पुरेल.

सदाफुली:
एक ग्रॅम मोजायचे कशावर? स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजू नका, एवढी कळकळीची विनंती.

ऊसवाला_बारामती:
सोनाराच्या काट्यावर मोजून घ्यावे, किंवा अशी अडचण असलेल्या चार घरांनी एक पुडी वाटून घ्यावी. डबलचा डोस मारला की लवकर मरते असे समजणाऱ्यांनी आमच्या गावात बरेच नुकसान करून घेतले आहे.

कायद्याचे_बोला:
वरील सल्ल्यात एक गोष्ट राहून गेली आहे. तणनाशकाच्या वेष्टनावर ज्या पिकांची नावे छापलेली असतात त्याच पिकांसाठी त्याची शिफारस असते, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या या औषधाच्या वेष्टनावर लॉनचा उल्लेख मी तरी पाहिलेला नाही. उसात चालते म्हणून अंगणात चालेलच असे गृहीत धरणे योग्य नाही. तसेच कोणी ग्लायफोसेट हे तणनाशक सुचवण्यापूर्वी लक्षात घ्यावे, की केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 च्या अधिसूचनेने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे. शिवाय ते लव्हाळा आणि लॉन असा भेद करत नाही; हिरवे दिसेल ते मारते.

मिरचीचे_लोणचे:
मी रुंद पानांच्या तणासाठी 2,4-डी हे तणनाशक फवारले होते, त्याची हकिकत सांगते. अंबुशी, दुधी, केना सगळे माना टाकून पडले आणि लॉन जसेच्या तसे राहिले, म्हणून मी फार खूश होते. लव्हाळा वरून करपला आणि पंधरा दिवसांत परत आला, तो भाग वेगळा. पण त्या दिवशी थोडा वारा होता. चार दिवसांनी शेजारच्या काकूंच्या टोमॅटोची पाने द्रोणासारखी वळली आणि शेंडे पिळवटून गेले. त्यांनी तीन महिने माझ्याशी बोलणे टाकले. त्याहून मोठी चूक म्हणजे तोच पंप नुसता पाण्याने विसळून मी गुलाबावर कीटकनाशक मारायला वापरले. गुलाब गेले. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर लाल रंगाने लिहून ठेवा आणि घरातल्या कोणालाही तो हाताळू देऊ नका.

एडिसनकर:
मी न्यू जर्सीत राहतो. आमच्याकडे लॉनमध्ये तण दिसले तर वसाहतीच्या समितीचे पत्र येते. आम्ही वसंतात, फोर्सिथियाची पिवळी फुले दिसू लागली की, बी उगवू न देणारे दाणेदार औषध लॉनवर टाकतो आणि क्रॅबग्रास या तणाचा प्रश्न तिथेच संपतो. तुम्ही तण उगवून आल्यावर धावाधाव करता, मुळात तेच चुकते.

ऊसवाला_बारामती:
साहेब, लव्हाळा बियांतून क्वचित आणि गाठीतून कायम येतो. बी रोखून गाठ थांबत नाही. आणि ती पिवळी फुले तळेगावात कुठे शोधायची?

रानभाजी_रसिक:
ज्याला आपण तण म्हणता, त्यातली निम्मी भाजी आहे. केन्याच्या पानांची भजी, घोळाची डाळ घातलेली भाजी, कोवळ्या टाकळ्याची लसूण घातलेली भाजी, अंबुशीची चटणी. लव्हाळ्याच्या गाठीही आयुर्वेदात मुस्ता म्हणून औषधात जातात. माझ्या अंगणात मी काहीच उपटत नाही.

सदाफुली:
ज्या अंगणावर कोणी औषध मारण्याच्या गोष्टी करत आहे, तिथली भाजी खाण्याचा सल्ला देऊ नये. हे दोन सल्ले एकाच धाग्यात आल्यामुळे मला काळजी वाटते.

मीठवाला:
खडे मीठ टाका. स्वस्त आहे, मुलांना धोका नाही, पाच किलोत काम होते.

मिरचीचे_लोणचे:
कृपया मीठ टाकू नका. माझ्या भावाने फाटकाजवळ टाकले होते. दोन वर्षे तिथे काही उगवले नाही, आणि त्यानंतर सगळ्यात आधी परत आला तो लव्हाळाच.

पुणे_जुने:
गाजर गवताबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. हे गवत अमेरिकेने पी. एल. 480 या आपल्या धान्य-मदतीच्या कायद्याखाली पाठवलेल्या गव्हाबरोबर आपल्या गळ्यात मारले आणि म्हणूनच लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात. त्याची पहिली नोंद आपल्या पुण्यातलीच आहे.

कायद्याचे_बोला:
पुण्यातील नोंद 1955 ची आहे आणि पी. एल. 480 खालचा भारताचा करार ऑगस्ट 1956 चा आहे. तारखा जुळत नाहीत.

पुणे_जुने:
अमेरिकेचा गहू 1951 च्या कर्जातही आला होता. मी गव्हाला दोष दिला होता, कराराला नव्हे.

कायद्याचे_बोला:
आपण पी. एल. 480 असे स्पष्ट लिहिले आहे. वर पाहावे.

रोपवाटिका_सातारा:
इतिहास बाजूला ठेवू या. ताई, ते गाजर गवत आत्ता, फुलावर येण्याआधी काढले तरच उपयोग आहे. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि पांढरी फुले दिसली की उशीर झाला असे समजावे. पावसाच्या दुसऱ्या दिवशी माती भुसभुशीत असताना मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडावर रुमाल हे तिन्ही हवे, कारण त्यातल्या पार्थेनिन या विषारी द्रव्याने कातडीला खाज आणि पुरळ उठते, आणि परागांनी दमा असलेल्यांना त्रास होतो. मुलाला त्या दिवशी बाहेर सोडू नका. फुले नसतील तर उपटलेले गवत खड्ड्यात कुजवता येते. रिकाम्या जागेवर टाकळ्याचे बी फेकले तर पुढच्या वर्षी टाकळा गाजर गवताला दाबतो, हे मी स्वतः रस्त्याकडेला केले आहे. पानांवर काळ्या रेघांचे पिवळट भुंगेरे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकोतून आणून 1984 मध्ये बंगळुरात मुद्दाम सोडलेले आहेत आणि फक्त पावसाळ्यात काम करतात.

लॉनचे म्हणाल, तर लव्हाळ्याला सावली सोसत नाही. मेक्सिकन गवत सावकाश वाढते, बुटके राहते, म्हणून लव्हाळा त्याच्या वर सहज डोके काढतो. आणि लाल माती घेताना ट्रॉलीत हात घालून मूठभर चाळून बघावी. काळ्या, हरभऱ्याएवढ्या गाठी दिसल्या तर ट्रॉली परत पाठवावी.

निवृत्त_अभियंता:
म्हणूनच मी चाळलेली माती घेतली होती. एकदाच नीट खर्च करावा.

प्लास्टिक_पांघरूण:
उन्हाळ्यात माती भिजवून पारदर्शक प्लास्टिक सहा आठवडे घट्ट अंथरा. काळे प्लास्टिक घेऊ नका, लव्हाळ्याचे टोक त्याला सुईसारखे भोसकून वर येते. पारदर्शक असेल तर आतच पाने उघडतात आणि भाजतात. खोलवरच्या गाठी मात्र राहतात.

अंगण_तळेगाव:
सर्वांचे आभार. गणपती पाच आठवड्यांवर असताना एप्रिलचे ऊन आणि उन्हाळ्यातले प्लास्टिक मला उपयोगाचे नाही. ऊसवाल्या दादांचे एक ग्रॅम मला पटले होते, पण मुलगा परवाच लॉनवर पडलेले बिस्किट उचलून खाताना दिसला, तेव्हा तो विचार सोडला.

गाजर गवताचे मात्र सातारच्या सल्ल्याप्रमाणेच केले. दोन बायका लावून प्लॉट एका दिवसात उपटून घेतला. मजुरी, हातमोजे आणि चहा मिळून 1450 रुपये झाले. फुले जेमतेम चार झाडांना होती, ती वेगळी पिशवीत बांधली. मालकांनी अजून फोन उचललेला नाही.

लॉनबद्दल मी तुम्हा सर्वांच्या विरुद्ध निर्णय घेतला आहे. मेक्सिकन गवताचा उन्हातला निम्मा भाग काढून तिथे हरळीच लावते आहे. ओल्या मातीत खणायचे नाही हे ध्यानात ठेवून गवताचा फक्त वरचा थर सोलून घेतला. सासूबाईंच्या माहेरच्या शेताच्या बांधावरून दोन पोती हरळी फुकट आली आणि तिचे बोटभर तुकडे वीतभर अंतरावर खोचले. लव्हाळा त्यातही येणार हे मला ठाऊक आहे, परंतु हरळी दर आठवड्याला कापावीच लागते आणि कापल्यावर दोघांची उंची सारखी दिसते. पाहुणे काही गुडघ्यावर बसून देठाच्या कडा मोजणार नाहीत.

निवृत्त_अभियंता:
हरळी एकदा लागली की फरशीच्या फटीतूनही जात नाही. आपल्याला पश्चात्ताप होईल.

अंगण_तळेगाव:
फरशीच्या फटीतल्या दूर्वा सासूबाईंनी आजच खुडून नेल्या. त्यांच्या मते त्या जास्त कोवळ्या असतात.